व्हीएसएम की स्क्विड : चुंबकीय मापनासाठी नमुना कुठे पाठवावा?

फेराइटची, म्हणजे लोहयुक्त चुंबकीय ऑक्साइडची, भुकटी भट्टीतून निघते, क्ष-किरण विवर्तनाचा आलेख मनासारखा येतो आणि मग संशोधक विद्यार्थ्यापुढे प्रश्न उभा राहतो की चुंबकीय मापन आता कुठून करून घ्यायचे. बहुतेक वेळा याचे उत्तर नमुन्याकडे पाहून दिले जात नाही. कुठली तारीख लवकर मिळते, कोणाची ओळख कुठे आहे, यावर ते ठरते. शिवाय ‘स्क्विडवर मोजले’ असे लिहिले की शोधनिबंधाला वजन येते, ही समजूतही त्यात असते. या समजुतीपायी व्हीएसएमवर वीस मिनिटांत होणाऱ्या मापनासाठी विद्यार्थी सहा-सहा महिने थांबलेले मी पाहिले आहेत. ज्या नमुन्याला खरोखर स्क्विडच हवे होते, त्याचा गोंगाटाने भरलेला व्हीएसएम आलेख प्रबंधात छापलेलाही पाहिला आहे. म्हणून या दोन यंत्रांची तुलना येथे नमुना घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने केली आहे.

व्हीएसएम म्हणजे कंपित नमुना चुंबकत्वमापक. अमेरिकेतील एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत सायमन फोनर यांनी ते विकसित केले आणि १९५९ साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. कल्पना अगदी सरळ आहे. विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये एका दांडीच्या टोकाला नमुना बसवायचा आणि दांडी सेकंदाला साधारण ८० वेळा (यंत्रागणिक हा आकडा बदलतो) वर-खाली हलवायची. चुंबकित झालेला नमुना हलला की शेजारच्या पिकअप कॉइलमधून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलतो, कॉइलमध्ये अल्प व्होल्टेज निर्माण होते आणि ते नमुन्याच्या चुंबकीय आघूर्णाच्या, म्हणजे संपूर्ण नमुना किती बळाचा चुंबक आहे त्याच्या, प्रमाणात असते. कंपनाची वारंवारता आपल्याला ठाऊक असल्याने लॉक-इन प्रवर्धक नेमके तेवढेच व्होल्टेज वेचून घेतो आणि बाकीचा गोंगाट बाजूला सारतो. म्हणजे शाळेत शिकलेला फॅराडेचा प्रवर्तनाचा नियमच येथे कामाला लावलेला आहे.

स्क्विड म्हणजे अतिसंवाहक क्वांटम व्यतिकरण साधन. त्याचा पाया वेगळा आहे. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ साली असे भाकीत केले की दोन अतिसंवाहकांमधील पातळ अडथळ्यातून इलेक्ट्रॉनांच्या जोड्या आरपार जाऊ शकतील. त्यानंतर दोनच वर्षांत फोर्ड मोटार कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत असे दोन जोड असलेले अतिसंवाहक कडे प्रत्यक्षात आले. त्या कड्यातून जाणाऱ्या चुंबकीय प्रवाहात सूक्ष्मातिसूक्ष्म बदल झाला तरी त्याच्या टोकांवरील व्होल्टेज बदलते. चुंबकत्वमापकात हे कडे नमुन्याजवळ नसते. ते दूर, अतिसंवाहक कवचात, द्रव हेलियमच्या ४.२ केल्विनच्या आसपासच्या थंडीत बसलेले असते, आणि नमुन्याभोवतीच्या अतिसंवाहक तारेच्या वेटोळ्यांतून संकेत त्याच्यापर्यंत पोहोचतो. या वेटोळ्यांची रचना मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. वर एक वेढा, खाली एक वेढा आणि मध्ये उलट दिशेने गुंडाळलेले दोन वेढे अशा मांडणीमुळे चुंबकाचे एकसमान क्षेत्र आपोआप रद्द होते आणि मधून सरकणाऱ्या लहानशा नमुन्याचाच संकेत उरतो. नमुना सरबत प्यायच्या साध्या प्लास्टिकच्या नळीत बसवण्याची जी पद्धत जगभर रूढ आहे, तिचे कारणही हेच आहे. नळी सगळ्या वेढ्यांमधून सलग गेलेली असल्याने ती वर-खाली सरकली तरी वेढ्यांना काहीच बदललेले दिसत नाही आणि तिचा संकेत शून्य राहतो. नव्याने आलेला विद्यार्थी ती नळी पाहून गोंधळतो, पण कोट्यवधी रुपयांच्या यंत्रात तिच्याइतका चोख नमुनाधारक दुसरा नाही.

आता संवेदनशीलतेचा मुद्दा पाहू, कारण निवड बहुधा त्याच्याच नावाखाली केली जाते. विद्युतचुंबकावरील चांगल्या अवस्थेतील व्हीएसएम रोजच्या वापरात ०.००००१ इएमयूपर्यंतचा (इएमयू हे आघूर्णाचे एकक) आघूर्ण विश्वासाने मोजतो आणि सरासरीसाठी अधिक वेळ दिल्यास त्याच्याही खाली उतरतो. स्क्विड चुंबकत्वमापक ०.०००००००१ इएमयूपर्यंत पोहोचतो. हा फरक हजारपटीचा आहे, आणि कागदावर तो पाहिला की निर्णय झालाच असे वाटते. परंतु खरा प्रश्न आपल्या नमुन्याचा आघूर्ण किती असेल हा आहे, आणि त्याचे उत्तर यंत्राची वेळ मागण्यापूर्वी कागदावर दोन ओळींत काढता येते.

मॅग्नेटाइटच्या नॅनोकणांची भुकटी घ्या. घन मॅग्नेटाइटचे संपृक्त चुंबकन, म्हणजे क्षेत्र वाढवत नेल्यावर चुंबकन जेथे थांबते ती मर्यादा, दर ग्रॅमला सुमारे ९२ इएमयू असते. नॅनोकणांत ते कमी होते, म्हणून ६० धरू. २० मिलिग्रॅम भुकटीचा आघूर्ण १.२ इएमयू झाला. व्हीएसएमच्या मर्यादेपेक्षा तो लाखपटीहून मोठा आहे. येथे स्क्विडच्या संवेदनशीलतेचा काडीचा उपयोग नाही, उलट एवढा आघूर्ण अनेक स्क्विड यंत्रांच्या नेहमीच्या पल्ल्याच्या टोकाला जातो आणि मग नमुना बहुधा दोन-तीन मिलिग्रॅमवर आणावा लागतो. दोन मिलिग्रॅम वजन करताना तराजूत ०.१ मिलिग्रॅमची चूक झाली, तरी दर ग्रॅमच्या आकड्यात पाच टक्क्यांचा फरक पडतो. म्हणजे ‘अधिक चांगल्या’ यंत्रावर गेल्यामुळे संपृक्त चुंबकनाचा आकडा अधिक वाईट येतो. कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे अशा ठिकाणी फेराइटवर जे विपुल काम होते, त्यातील खोलीच्या तापमानाचा जवळजवळ प्रत्येक लूप (क्षेत्र वाढवत-घटवत काढलेला चुंबकनाचा आलेख) व्हीएसएमवर घेणेच योग्य आहे, असे मी निःसंकोच म्हणेन.

दुसरे उदाहरण पातळ थराचे. सिलिकॉनच्या ५ बाय ५ मिलिमीटर तुकड्यावर १० नॅनोमीटर जाडीचा कोबाल्टचा थर आहे. कोबाल्टचे संपृक्त चुंबकन दर घन सेंटिमीटरला सुमारे १४०० इएमयू असल्याने या थराचा आघूर्ण ०.०००३५ इएमयू भरतो. व्हीएसएमच्या मर्यादेपेक्षा तो तीसेक पट मोठा आहे, म्हणजे लूप स्वच्छ येईल. थर १ नॅनोमीटरचा असेल तर आघूर्ण ०.००००३५ वर येतो, लूपच्या कडा थरथरू लागतात, आणि तेथून पुढे स्क्विडला पर्याय नाही.

पातळ थराबाबत आणखी एक हिशेब अनेकांच्या नजरेतून सुटतो. तो आहे आधारफळीचा, म्हणजे ज्यावर थर बसवला आहे त्या तुकड्याचा. अर्धा मिलिमीटर जाडीचा तोच सिलिकॉनचा तुकडा प्रतिचुंबकीय आहे, म्हणजे क्षेत्राच्या उलट दिशेने किंचित चुंबकित होतो. १०,००० ऑर्स्टेडच्या (ऑर्स्टेड हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्रात त्याचा आघूर्ण उणे ०.००००३ इएमयूच्या आसपास जातो, म्हणजे १० नॅनोमीटर कोबाल्टच्या संकेताच्या सुमारे दहा टक्के. स्क्विडच्या अतिसंवाहक चुंबकाने क्षेत्र ७०,००० ऑर्स्टेडपर्यंत नेले, तर हाच आकडा उणे ०.०००२ ओलांडतो आणि थराच्या संकेताचा अर्ध्याहून अधिक भाग खाऊन टाकतो. आलेखाची दोन्ही टोके खाली वाकलेली दिसतात ती यामुळे. ही सरळ रेषा वजा करता येते, पण कोरी आधारफळी त्याच यंत्रावर, त्याच मांडणीत मोजलेली असेल तरच ती वजाबाकी प्रामाणिक ठरते. केवळ आलेखाच्या टोकांना रेषा बसवून केलेल्या वजाबाकीत थरातला एखादा समचुंबकीय (क्षेत्राच्या दिशेने, पण क्षेत्र असेपर्यंतच चुंबकित होणारा) अंशही निमूटपणे पुसला जातो.

संवेदनशील यंत्र कचराही तितक्याच संवेदनशीलतेने मोजते. शुद्ध लोखंडाचा एक मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्याला धड न दिसणारा कण, सुमारे ०.०००२ इएमयूचा आघूर्ण देतो, आणि तो वरच्या कोबाल्ट थराच्या संकेताच्या निम्म्याहून जास्त आहे. कोबाल्ट मिसळलेल्या झिंक ऑक्साइडच्या थरावर काम करत असताना खोलीच्या तापमानाला सुंदर, लहानसा लोहचुंबकीय लूप मला मिळाला होता. आम्ही तीन आठवडे त्या आनंदात होतो. मग कोरी आधारफळी मोजली, आणि तीच आकृती, तेवढ्याच उंचीची, तिच्यातूनही निघाली. तुकडे कापण्यासाठी आणि उचलण्यासाठी आम्ही स्टीलचा चिमटा वापरत होतो आणि फळीच्या कडांवर त्याचे सूक्ष्म ओरखडे उतरले होते. ही चूक केवळ नवख्यांची नाही. हाफ्नियम ऑक्साइडच्या थरात अनपेक्षित चुंबकत्व असल्याचा दावा २००४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याची मोठी चर्चा झाली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवले की त्यांचे स्वच्छ थर चुंबकत्व दाखवत नाहीत, पण स्टीलच्या चिमट्याने हाताळले की तशाच प्रकारचा संकेत येतो. प्लास्टिकचा किंवा टायटॅनियमचा चिमटा ही किरकोळ खरेदी आहे. स्क्विडवर नमुना पाठवायचे ठरवणाऱ्याने ती आधी करावी.

क्षेत्राच्या अचूकतेच्या बाबतीत पारडे उलट बाजूला झुकते, आणि हे पुष्कळांना ठाऊक नसते. विद्युतचुंबकाच्या व्हीएसएममध्ये नमुन्याजवळ हॉल प्रोब असतो आणि तो त्या क्षणीचे खरे क्षेत्र मोजतो. स्क्विड यंत्रातील अतिसंवाहक चुंबकाचे क्षेत्र मात्र बहुधा त्यातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहावरून काढलेले असते. उच्च क्षेत्रावरून परत येताना त्या चुंबकाच्या तारांमध्ये थोडे चुंबकीय क्षेत्र अडकून राहते, त्यामुळे यंत्र शून्य दाखवत असताना नमुन्यावर काही दहा ऑर्स्टेडचे क्षेत्र असू शकते. कायमचुंबकासाठी हा फरक नगण्य आहे. पण ज्याची निग्राहिता, म्हणजे कोअर्सिव्हिटी (चुंबकन शून्यावर आणायला लागणारे उलटे क्षेत्र), शून्य असायला हवी अशा अतिसमचुंबकीय नॅनोकणांचा लूप या चुकीमुळे उघडा दिसतो किंवा उलट्या दिशेने ओलांडतो, आणि शोधनिबंधात ‘२० ऑर्स्टेडची निग्राहिता आढळली’ असे वाक्य येते. याची परीक्षा सोपी आहे. पॅलॅडियमचा नमुना त्याच क्रमाने मोजावा. पॅलॅडियम समचुंबकीय असल्याने त्याचा आलेख सरळ रेषाच असायला हवा. त्यात जी फट दिसेल ती यंत्राच्या क्षेत्राची चूक, आणि तेवढी आपल्या आलेखातून वजा करावी. मऊ चुंबकीय द्रव्याची खोलीच्या तापमानाची निग्राहिता हाच अभ्यासाचा गाभा असेल, तर मी स्क्विड उपलब्ध असूनही व्हीएसएमच निवडेन.

तापमान हा मात्र स्क्विडचा हक्काचा प्रांत आहे. १.८ ते ४०० केल्विन हा त्याचा सर्वसाधारण पल्ला. शून्य क्षेत्रात थंड करून आणि क्षेत्रात थंड करून घेतलेल्या वक्रांची जोडी, स्पिन-ग्लास, कमी तापमानाला लोहचुंबकीय होणारी द्रव्ये, रेणवीय चुंबक, अतिसंवाहकाचे संक्रमण या सगळ्यासाठी त्याला तोड नाही. तरीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की कमी तापमान म्हटले की स्क्विड, असे समीकरण नाही. मॅग्नेटाइटचे व्हर्वे संक्रमण, म्हणजे त्याच्या गुणधर्मांत एकाएकी होणारा बदल, सुमारे १२० केल्विनला होते आणि द्रव नायट्रोजनची सोय असलेल्या व्हीएसएमवर ते निवांत मोजता येते. दुसरी गोष्ट उच्च तापमानाची. निकेल ६३१ केल्विनला आणि मॅग्नेटाइट सुमारे ८५८ केल्विनला लोहचुंबकीय गुण सोडते. फेराइटचे क्युरी तापमान काढायचे तर ४०० केल्विनला थांबणारे यंत्र कामाचे नाही, भट्टी जोडलेला व्हीएसएम लागतो. विद्यार्थ्याच्या अर्जात ‘स्क्विड, क्युरी तापमानासाठी’ असे लिहिलेले असते, तेव्हा यंत्र चालवणाऱ्याला तो परत पाठवण्यावाचून गत्यंतर नसते.

येथे नावांचा एक घोळ सांगितला पाहिजे. अतिसंवाहक चुंबकात बसवलेले व्हीएसएमही असतात. ते ९ टेस्ला (९०,००० ऑर्स्टेड) आणि २ केल्विनपर्यंत जातात, पण संकेत साध्या कॉइलने वेचतात. नमुना कंपित करून संकेत स्क्विडने वेचणारी यंत्रेही आहेत आणि त्यांना ‘स्क्विड-व्हीएसएम’ म्हणतात. त्यामुळे केवळ नावावर जाऊ नये. चुंबक कोणता, क्षेत्र कसे मोजले जाते आणि संकेत कोण वेचतो, हे तिन्ही प्रश्न विचारून घ्यावेत.

अंशांकनाची पद्धतही दोन्हीकडे वेगळी आहे. व्हीएसएमसाठी निकेलचा गोळा वापरतात. अमेरिकेच्या प्रमाणन संस्थेचा २.३८३ मिलिमीटर व्यासाचा गोळा ५००० ऑर्स्टेडमध्ये ३.४७ इएमयू देतो. परंतु गोळ्यावर जुळवलेल्या यंत्रात ५ मिलिमीटर रुंदीचा चपटा थर ठेवला की कॉइलला तो बिंदूसारखा दिसत नाही आणि आकड्यात काही टक्क्यांची चूक शिरते. स्क्विडमध्येही आकाराची ही अडचण आहेच. त्याचे सॉफ्टवेअर नमुन्याला बिंदू धरूनच वक्र बसवते. म्हणून नमुना लहान ठेवावा आणि आकार कळवावा. भुकटी असेल तर ती कुपीत घट्ट दाबलेली, शक्यतो मेणात गोठवलेली असावी. सैल भुकटीचे कण क्षेत्राबरोबर फिरतात आणि मग लूपमध्ये दिसते ते कणांचे वळणे, द्रव्याचे चुंबकन नव्हे.

वेळ आणि खर्चाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. खोलीच्या तापमानाचा एक लूप व्हीएसएमवर पंधरा-वीस मिनिटांत होतो, तर स्क्विडवर सावकाश घेतलेला लूप आणि तापमानाचे दोन वक्र यांत दिवस जातो. स्क्विडला हेलियम लागतो, आपल्याकडे तो बहुतांशी आयात होतो, आणि त्याचा तुटवडा पडला की रांग लांबते. नव्या यंत्रांत वाफ झालेला हेलियम पुन्हा द्रवरूप करण्याची सोय असते, त्यामुळे हा त्रास कमी झाला आहे, संपलेला नाही. आपल्या भागापुरते बोलायचे तर पवईच्या आयआयटीतील सैफ या केंद्राकडे व्हीएसएमसाठी बाहेरचे नमुने जातात, आणि कमी तापमानाच्या कामासाठी इंदूरचे यूजीसी-डीएई केंद्र विद्यापीठांतील संशोधकांना प्रस्तावाच्या मार्गाने दार उघडते. देशभरातील यंत्रे शोधायला आय-स्टेम हे संकेतस्थळ आहे.

काही नमुन्यांना या दोहोंपैकी एकही लागत नाही. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला संयुगातील धातूच्या अयुग्मित इलेक्ट्रॉनांची संख्याच हवी असेल, तर गुई तराजू किंवा एनएमआरवरील इव्हान्स पद्धत पुरते. मँगनीजच्या द्विसंयुजी संयुगाचे ५.९ बोर मॅग्नेटॉन आणि तांब्याचे १.९ यांतील फरक कळायला स्क्विड नको. निओडिमियमच्या कायमचुंबकाला विद्युतचुंबकी व्हीएसएमचे २ टेस्ला बहुधा अपुरे पडतात, आणि विचुंबकन गुणांकाची (नमुन्याच्या आकारामुळे त्याच्या आतले क्षेत्र घटते त्याची) दुरुस्ती करण्यापेक्षा बंद चुंबकीय मंडलाचा हिस्टेरेसिसग्राफ बरा. रोहित्राच्या पत्र्याचा प्रश्न ऊर्जाहानीचा असतो आणि तो एपस्टाइन चौकटीवर, ३० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यांवर सुटतो. दख्खनच्या बेसाल्टचे गोठलेले चुंबकत्व मोजणाऱ्या पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेसारख्या ठिकाणी प्रश्न मुख्यतः दिशेचा असतो. तेथील चुंबकत्वमापक निराळे असतात, आणि त्यांपैकी काहींच्या पोटात स्क्विड असला तरी ते यंत्र आपल्या लूपसाठी नसते.

निवड झाली की पाकिटात काय घालायचे ते ठरवावे. नमुन्याबरोबर त्याच तुकड्यातली कोरी आधारफळी किंवा त्याच डबीतली रिकामी कुपी, ग्रॅममधील वजन चार दशांशांपर्यंत, थराची जाडी आणि क्षेत्रफळ, आणि हिशेबाने अपेक्षित असलेला आघूर्ण इएमयूमध्ये लिहिलेली चिठ्ठी. तो आकडा पाहूनच यंत्रावरचा माणूस मापनाची मर्यादा आणि प्रत्येक बिंदूला द्यायचा वेळ ठरवतो. तो नसेल तर त्याला अंदाजाने काम करावे लागते, आणि कोरी फळी नसेल तर लूप नमुन्याचा आहे की चिमट्याचा, हे त्याच्याही हाती उरत नाही.